निरंक

पत्र मीच फोडलं. जिमखान्यात दुसरं कोण फोडणार.
आवक क्रमांक दोनशे सतरा.
विषय : आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल, विभागांची पुनर्रचना व विस्तार.
सोबत नकाशा. इतक्यांदा झेरॉक्स झालेला
की मुळा कुठली, मुठा कुठली, कळत नाही.

भिंतीपलीकडचं कॉलेज 'अ' गटात गेलं.
तिथे लवळ्याची, लोणीची, तळेगावची नवी विद्यापीठं,
प्लॅस्टिकचं गवत, रात्रीचे दिवे,
सामना म्हणे मोबाइलवर दिसतो.
प्रायोजक आहे, भिंतींच्या पुट्टीचा.
आम्ही 'क' गटात. आमच्यासोबत
जुन्नर, घोडेगाव, श्रीरामपूर,
आणि राहुरीकडचं एक कॉलेज
ज्यांचे गोलपोस्ट अजून मंजूर व्हायचेत.

गव्हाणे सर म्हणाले, खिलारे मॅडम, हा विस्तार आहे,
याच्याकडे संधी म्हणून बघा.
'अ' गटासाठी सरांनीही अर्ज केला होता.
जावक एकशे त्र्याऐंशी. मीच टाइप केलेला.
मैदान अकरा मीटर कमी भरलं,
कोपऱ्यात पाण्याची टाकी येते.

भिंत साडेसहा फूट, खडकीच्या दगडाची, वर काचा.
दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी
कुणीतरी काचांवर ओली पोती टाकायचं
आणि दोन्हीकडची पोरं तिच्यावर बसायची,
पाय आपापल्या बाजूला.
कागदोपत्री ती 'पुणे शहर, साखळी, सामना चौथा'.
तेवीस वर्षं तिचं बिल मी केलं :
फक्की. लिंबं. बर्फ. पंचांचं मानधन.
चेंडू एक, भिंतीपलीकडे गेला, परत मिळाला नाही.
अंतर शून्य किलोमीटर.
प्रवासखर्च निरंक.

मला फुटबॉल कळत नाही.
ऑफसाइड सेल्वराजने चार वेळा समजावला,
टेबलावर चहाचे कप सरकवून.
चारही वेळा मी शेवटी कप उचलून प्यायले.
सेल्वराज आमचा स्टॉपर, बाप दारूगोळा कारखान्यात.
त्याचा घोटा पलीकडच्या नोएल पिंटोने मोडला,
मग भेटायला गेला दवाखान्यात, केळी घेऊन,
आणि निघताना ओल्या प्लॅस्टरवर
आपल्याच कॉलेजचं नाव कोरून आला.
सहा आठवडे सेल्वराज ते नाव पायात घालून
आमच्या आवारात लंगडला.
मी रोज बघायचे. रोज राग यायचा.
मला. जिला ऑफसाइड कळत नाही.

आता श्रीरामपूरच्या पोरांवर कसं चिडायचं?
चांगली पोरं असतील. दमून येतील, पाणी मागतील.
बांधाला बांध नाही, मग भावकी कुठून यायची.

किटलीचं पत्रात काहीच नाही.
अॅल्युमिनियमची, बोहरी आळीतून आणलेली,
जिंकेल त्याच्याकडे वर्षभर राहायची.
डेडस्टॉकमध्ये नोंद नाही, म्हणून मागताही येत नाही.
गेल्या वेळी पेनल्टीवर हरलो, म्हणजे ती तिकडेच.
तिकडे आता काचेचं कपाट झालंय.
ठेवली असेल आत? की शिपायाने चहाला घेतली?
घेतली असली तर बरं.

नवं अंदाजपत्रक केलं.
श्रीरामपूर, जाऊन-येऊन तीनशे वीस किलोमीटर.
बस एक. नाष्टा, माणशी सत्तर.
प्रवासखर्चाच्या रकान्यात पहिल्यांदाच आकडा,
तो मावेना, पेन्सिलीने रकाना वाढवला.

काल संध्याकाळी पहिल्या वर्षाच्या शिवतेजने
फ्री किक मारली ती थेट भिंतीवरून.
पोरं सवयीने हसली. एकाने शिवी तयार ठेवली.
मी खिडकीत उभी, पिशवी खांद्याला,
वहीत लिहायचं वाक्य मनात जुळवलेलं.

चेंडू लगेच परत आला.
कुणी मागायच्या आत. अलगद, हाताने टाकलेला.
पलीकडून एक नवखा आवाज,
"घ्या हं. कुठल्या कॉलेजचे तुम्ही?"

पोरं गप्प.
मी पिशवी खाली ठेवली, कपाट उघडलं, वही काढली.
हरवलेले चेंडू :